चाकांवरचे घर: मॅटाडोर, चिकलठाण्याची कार्यशाळा आणि 'मूळ' गाडीचा प्रश्न

१/
घर बदलायचे तर 'टेम्पो' सांगायचा आणि वऱ्हाड न्यायचे तर 'मॅटाडोर' ठरवायची, ही महाराष्ट्रातील दोन पिढ्यांची रोजची भाषा. हे दोन्ही शब्द मराठीत सामान्यनामांसारखे वापरले गेले. प्रत्यक्षात ती जर्मनीतील हॅम्बुर्ग येथील एका कारखान्याची व्यापारी नावे होत. त्या कारखान्याच्या मॅटाडोरमध्ये आणि तिच्या वारसदार गाड्यांमध्ये पलंग, ओटा आणि कपाटे बसवून युरोपातील लोकांनी प्रवासी घरे केली. त्यांतल्या काही आजही हौसेने दुरुस्त होतात आणि जुन्या वाहनांच्या मेळाव्यांत मिरवतात. महाराष्ट्रात मात्र मॅटाडोर बहुधा भंगारात गेली. एकाच कुळातील गाडीचे दोन देशांत असे दोन शेवट का झाले?

२/
जुनी कॅम्पर व्हॅन विकत घेऊन तिला पुन्हा रस्त्यावर आणणे हा छंद वरवर पाहता पैशाचा आणि फावल्या वेळेचा वाटतो. त्याच्या मुळाशी इतिहासाचा एक जुना प्रश्न आहे: पुष्कळ वेळा दुरुस्त झालेल्या वस्तूचे 'मूळ रूप' कोणते मानायचे? या धाग्यात हा प्रश्न हॅनोव्हर, हॅम्बुर्ग आणि पुण्यावरून छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाण्यापर्यंत आणला आहे. चिकलठाण्यात राज्य परिवहन महामंडळाची, म्हणजे एसटीची, मध्यवर्ती कार्यशाळा आहे. भारतात मोठे वाहन कसे जन्मते आणि कसे पुनर्जन्म घेते, हे समजण्यासाठी तिच्याइतके बोलके ठिकाण दुसरे क्वचितच सापडेल.

३/
कॅम्पर व्हॅनची कथा बहुतेकदा फोक्सवॅगनपासून सांगितली जाते. दुसऱ्या महायुद्धानंतर बेन पॉन हा डच व्यापारी जर्मनीतील फोक्सवॅगनच्या कारखान्यात गेला होता. तेथे कामगारांनी बीटल मोटारीचे भाग वापरून सामान वाहण्यासाठी एक सपाट गाडा तयार केलेला त्याला दिसला. २३ एप्रिल १९४७ रोजी त्याने वहीत एका खोकेवजा गाडीचे रेखाचित्र काढले: चालक सर्वांत पुढे, इंजिन मागे, मधली जागा मोकळी. मार्च १९५० मध्ये तिचे उत्पादन सुरू झाले. पहिल्या गाडीचे हवेने थंड होणारे इंजिन केवळ २५ अश्वशक्तीचे होते. म्हणजे जगातील सर्वांत प्रसिद्ध व्हॅनच मुळात कारखान्यातील एका जुगाडातून जन्मली.

४/
या गाडीत घर बसवले ते दुसऱ्याच कंपनीने. जर्मनीतील वीडेनब्र्यूक येथील वेस्टफालिया ही कंपनी घोडागाड्या, मोटारींचे सांगाडे आणि मागे जोडायच्या गाड्या तयार करीत असे. १९५१ च्या सुमारास तिने फोक्सवॅगनच्या व्हॅनसाठी लाकडी फर्निचरचा एक संच तयार केला. दिवसा बाके, रात्री पलंग. सुट्टी संपली की सगळे काढून ठेवायचे आणि सोमवारी पुन्हा माल वाहायचा. आज संग्राहक ज्या 'अस्सल वेस्टफालिया' गाडीसाठी मोठी किंमत मोजतात, ती एका कारखान्याची मालगाडी आणि दुसऱ्या कारखान्याचे सुतारकाम यांचा मेळ आहे. फेरफार हा कॅम्पर व्हॅनचा दोष नव्हे. तीच तिची व्याख्या होय.

५/
जर्मनीत या गाडीची पहिली पिढी १९६७ मध्ये बंद झाली. ब्राझीलमध्ये 'कोंबी' या नावाने तिची परंपरा २०१३ च्या अखेरीपर्यंत चालली. एअरबॅग आणि एबीएस ब्रेक सक्तीचे झाले, आणि त्या जुन्या सांगाड्यात ते सामावणे शक्य नसल्याने उत्पादन थांबले. एवढ्या दीर्घ उत्पादनामुळे सुटे भाग मिळत राहिले आणि दुरुस्तीचे ज्ञान हाती टिकले. छंद टिकायला केवळ प्रेम पुरत नाही. रबराची पट्टी, काचेची चौकट आणि ते बसवता येणारा कारागीर हे तिन्ही लागतात. पुढे मॅटाडोरच्या बाबतीत हाच मुद्दा निर्णायक ठरतो.

६/
आता हॅम्बुर्ग. तेथील व्हिडाल कुटुंबाचा 'टेम्पो' कारखाना तीनचाकी मालवाहू गाड्यांसाठी ओळखला जाई. १९४९ मध्ये त्याने 'मॅटाडोर' ही चारचाकी आणली. सुरुवातीला तिच्यात फोक्सवॅगनचेच इंजिन होते. फोक्सवॅगनची स्वतःची व्हॅन बाजारात आल्यानंतर, १९५२ मध्ये, हा पुरवठा थांबला आणि टेम्पोला दुसरी इंजिने शोधावी लागली. मॅटाडोरची ताकद पुढच्या चाकांना मिळत असे. मागच्या बाजूला इंजिन नाही आणि ताकद नेणारा दांडाही नाही; त्यामुळे तळ सपाट आणि जमिनीपासून कमी उंचीवर राही. पोती चढवायला हे सोयीचे, आणि पलंग टाकायलाही. पुढे हा कारखाना हानोमागकडे आणि नंतर मर्सिडीज-बेंझच्या छत्राखाली गेला.

७/
हीच गाडी महाराष्ट्रात आली ती नवलमल फिरोदिया यांच्यामुळे. अहमदनगरचे (आताचे अहिल्यानगर) फिरोदिया वकील होते, स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगात गेले होते, आणि भारतातील ऑटोरिक्षाच्या प्रारंभाशीही त्यांचे नाव जोडलेले आहे. १९५८ मध्ये बजाज समूहाच्या साथीने आणि व्हिडाल यांच्या सहकार्याने 'बजाज टेम्पो' कंपनी उभी राहिली. तिने आधी हान्सियाट ही तीनचाकी गाडी काढली. 'टेम्पो' हा शब्द मराठीत रुळला तो तिच्यामुळे. १९६९ मध्ये मॅटाडोर आली. पुण्याजवळील आकुर्डीच्या कारखान्यातून ती दशकानुदशके निघत राहिली. हीच कंपनी २००५ पासून 'फोर्स मोटर्स' म्हणून ओळखली जाते.

८/
मॅटाडोरने महाराष्ट्रात किती रूपे घेतली याची यादी लांबलचक आहे. दुधाचे कॅन, वर्तमानपत्रांचे गठ्ठे, शाळेची मुले, बँडपथक, रुग्णवाहिका, भाजीपाला, देवदर्शनाची सहल. एकाच गाडीचे आयुष्यातही अनेक अवतार होत. शाळेची गाडी म्हणून दहा वर्षे धावलेली मॅटाडोर पुढे मागचा भाग कापून मालगाडी होई, आणि शेवटी कोणाच्या तरी शेतावर कांद्याच्या चाळीशेजारी उभी राही. आसने काढणे, खिडकीवर पत्रा ठोकणे, टपावर कॅरिअर चढवणे हे काम गावोगावच्या गॅरेजात होत असे. युरोपात वेस्टफालियाने जे केले, ते येथे निनावी कारागिरांनी केले. फरक एवढाच की येथे गाडीत घर नव्हे, तर उपजीविका बसवली गेली.

९/
मग चाकांवरचे घर मराठी मुलुखाला अपरिचित होते काय? मुळीच नाही. टुरिंग टॉकीजचे ट्रक हे त्याचे उत्तम उदाहरण. जत्रेच्या हंगामात प्रक्षेपक, पडदा, तंबू आणि माणसे घेऊन हे ट्रक गावोगाव फिरत. ट्रकमध्येच यंत्र चाले आणि ट्रकमध्येच किंवा त्याच्या आडोशाला माणसे झोपत. या फिरत्या चित्रपटगृहांच्या अखेरच्या काळावरील 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' हा माहितीपट २०१६ मध्ये कान महोत्सवात गौरवला गेला. तमाशाच्या फडांचे ट्रकही असेच. येथे चाकांवर राहणे हा सुट्टीचा आनंद नव्हता, पोटाचा व्यवसाय होता. त्यामुळे त्या गाड्यांकडे 'जपण्याजोगी वस्तू' म्हणून पाहण्याची दृष्टी उशिरा आली. तोवर बरेच ट्रक गंजून गेले होते.

१०/
परदेशी कॅम्पर गाड्या मात्र भारतात येत होत्या. १९५७ मध्ये 'इंडियामन' नावाची बस लंडनहून प्रवासी घेऊन एप्रिलमध्ये निघाली आणि जूनमध्ये कलकत्त्यास पोहोचली. साठ-सत्तरच्या दशकांत इस्तंबूल, तेहरान, काबूल, लाहोर, दिल्ली असा रस्तामार्ग रूढ झाला. त्यावरून आलेले अनेक जण पुढे गोव्यापर्यंत जात. १९७९ मधील इराणची क्रांती आणि त्याच वर्षाच्या अखेरीस अफगाणिस्तानात शिरलेले सोव्हिएत सैन्य यांमुळे हा मार्ग तुटला. या प्रवाशांच्या गाड्या येथे मागे का राहिल्या नाहीत, याचे उत्तर एका कागदात आहे.

११/
त्या कागदाचे नाव 'कार्ने'. परदेशी गाडी जकात न भरता काही काळ देशात आणण्याचा हा परवाना होय. मुदतीत गाडी परत नेली नाही तर जबर जकात द्यावी लागे. त्या काळात भारतात परदेशी मोटारींच्या आयातीवर कडक निर्बंध होते. विदेशी दूतावासांच्या काही गाड्या राज्य व्यापार महामंडळामार्फत विकल्या जात, पण ती वाट अरुंद होती. परिणामी फोक्सवॅगनची जुनी कॅम्पर भारतात अपवादानेच उरली. येथे कोणाला जुन्या व्हॅनचा छंद करायचा, तर स्वाभाविक उमेदवार एकच: देशात मोठ्या प्रमाणावर तयार झालेली आणि युरोपीय कॅम्परशी रक्ताचे नाते सांगणारी मॅटाडोर.

१२/
येथे चिकलठाणा चित्रात येते. संभाजीनगरच्या पूर्वेस जालना रस्त्यावरचे हे मूळचे गाव. निजामाच्या राजवटीत विसाव्या शतकाच्या आरंभी मनमाड ते हैदराबाद हा लोहमार्ग येथून गेला. पुढे विमानतळ आला, औद्योगिक वसाहत आली, आणि लेथ, वेल्डिंग, पत्राकाम, रबर व सुटे भाग यांचे कारखाने उभे राहिले. याच रस्त्याने आणखी पुढे गेले की शेंद्रा लागते. तेथे २००१ पासून स्कोडाच्या मोटारी जोडल्या जातात. स्कोडा ही फोक्सवॅगन समूहाचीच कंपनी. कॅम्पर व्हॅनचे नाव जगभर करणाऱ्या समूहाचा कारखाना आणि लालपरीची कार्यशाळा अशी एकाच रस्त्यावर आहे.

१३/
एसटीच्या मध्यवर्ती कार्यशाळा तीन: पुण्यातील दापोडी, चिकलठाणा आणि नागपूरची हिंगणा. या कार्यशाळेत काय होते? ट्रक-बस कंपन्यांकडून नुसती 'चासी' येते: लांब लोखंडी चौकट, इंजिन, चाके, सुकाणू. वर सांगाडा नाही, पत्रा नाही, आसने नाहीत. कार्यशाळेत तीवर नळ्यांचा पिंजरा जोडला जातो, पत्रा चढतो, फळ्या बसतात, वायरिंग होते, रंग लागतो. काही वर्षांच्या सेवेनंतर तीच बस परत येते, जुना सांगाडा उतरवला जातो आणि त्याच चासीवर नवा उभा राहतो. अलीकडे अॅल्युमिनियमच्या जागी पोलादी सांगाडे असेच आले.

१४/
१ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर धावलेल्या पहिल्या बसचा सांगाडा लाकडाचा होता आणि वर कापडी छत होते. तेथून आजच्या पोलादी बसपर्यंतचा प्रवास हा सांगाडे बदलण्याचा इतिहास आहे. २०२० मध्ये टाळेबंदीत प्रवासी थांबले, तेव्हा एसटीने जुन्या बसगाड्यांचे मालवाहू ट्रक करून उत्पन्नाची नवी वाट काढली. खिडक्या बंद झाल्या, आसने निघाली, चासी तीच राहिली. गावच्या गॅरेजात मॅटाडोरचे जे होई, तेच येथे शासकीय शिस्तीने झाले. भारतीय रस्त्यावरील मोठ्या गाडीचे चरित्र लिहायचे तर तिच्या देहांतरांचे चरित्र लिहावे लागते.

१५/
आता छंदाच्या प्रत्यक्ष कामाकडे. जुन्या व्हॅनचा पहिला शत्रू गंज. तो दिसतो त्याहून आत असतो. दारांच्या खालच्या कडा, पायरी, चाकांवरच्या कमानी, खिडकीच्या रबराखालची खोबण आणि टपाचे पन्हळ ही त्याची आवडती घरे. कोकणातील गाडीपेक्षा मराठवाड्याच्या कोरड्या हवेतील गाडी अधिक शाबूत राहते, म्हणून घेताना गाडी कोठे उभी होती हे विचारणे इंजिन सुरू करून पाहण्याइतकेच महत्त्वाचे ठरते. रंगावर चुंबक फिरवून पाहण्याची जुनी युक्ती अजून उपयोगी पडते: चुंबक चिकटला नाही तर खाली पत्रा नसून लांबीचा जाड थर आहे. गंजका भाग कापून, त्याच जाडीचा पत्रा आकार देऊन जोडणे हाच खरा उपाय. वरून लांबी भरली तर दोन पावसाळ्यांत गंज पुन्हा वर येतो.

१६/
इंजिनाचे गणित उलट आहे. मॅटाडोरमध्ये पुढे मर्सिडीज-बेंझचे ओएम ६१६ हे चार सिलिंडरचे डिझेल इंजिन परवान्याने बसू लागले. मर्सिडीजच्या २४० डी या प्रसिद्ध मोटारीतही याच कुळातील इंजिन होते, आणि भारतात टेम्पो ट्रॅक्स व ट्रॅव्हलरही त्यावर धावल्या. त्यामुळे रिंगा, बेअरिंग, पंपाचे भाग यांची ओळख अजून बाजाराला आहे. सिलिंडरचे बोअरिंग आणि क्रँकचे ग्राइंडिंग औद्योगिक वसाहतीच्या कोणत्याही गावात होऊ शकते. अडते ते क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टींवर: समोरची काच, दाराची मूठ, दिव्याची चौकट, नावाची पट्टी. यंत्र टिकते आणि चेहरा हरवतो. हे भाग मुंबईच्या चोर बाजारात, पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा एखाद्या शेतावर उभ्या असलेल्या दुसऱ्या गाडीतच सापडतात.

१७/
घर बसवण्याच्या कामात सौंदर्यापेक्षा सुरक्षितता आधी येते. पलंग आणि पाण्याची टाकी एकाच बाजूला घेतली तर गाडी वळणावर झुकते. म्हणून वजन दोन्ही बाजूंना आणि शक्य तितके खाली वाटावे लागते. स्वयंपाकाच्या गॅसची टाकी घट्ट बांधलेली हवी आणि तिच्या कप्प्याला तळाशी बाहेर उघडणारे छिद्र हवे, कारण हा गॅस हवेपेक्षा जड असतो आणि गळाला तर खाली साचतो. दिवे-पंख्यांसाठी वेगळी बॅटरी ठेवली तर रात्रीच्या वापराने सकाळी गाडी सुरू होण्यात अडचण येत नाही. भारतीय मानकांनुसार निवासी वाहनात किमान चार गोष्टी अपेक्षित असतात: बसण्याची जागा व मेज, झोपण्याची सोय, स्वयंपाकाची सोय आणि सामान ठेवण्याची जागा. वेस्टफालियाच्या संचातही याहून फार निराळे काही नव्हते.

१८/
पण किती दुरुस्त करायचे? या प्रश्नाचे उत्तर चिकलठाण्याच्या विमानतळावर उतरून पर्यटक जेथे जातात, त्या अजिंठ्याच्या लेण्यांत मिळते. १९२० ते १९२२ या काळात निजाम सरकारने अजिंठ्याच्या भित्तिचित्रांसाठी इटलीहून लोरेन्झो चेक्कोनी आणि ओर्सिनी या तज्ज्ञांना बोलावले. हैदराबाद संस्थानाच्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख तेव्हा गुलाम याझदानी होते. सुटू लागलेला गिलावा त्यांनी भिंतीला पक्का बसवला. हे काम मोलाचे ठरले. त्याचबरोबर चित्रांवर लाखेच्या रोगणाचा थर देण्यात आला. कालांतराने तो पिवळा पडला, त्यावर धूळ आणि काजळी बसली, आणि पुढील दशकांत पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या रसायनतज्ज्ञांना तोच थर कष्टाने उतरवावा लागला.

१९/
एकाच हाताने केलेल्या दोन उपायांपैकी एक तारक ठरला आणि दुसरा उपद्रवी. फरक हेतूत नव्हता. गिलाव्याच्या कामाने वस्तू टिकवली. रोगणाने वस्तू 'चांगली दिसावी' याची सोय पाहिली. जुन्या वाहनालाही हेच लागू पडते. सांगाडा वाचवण्यासाठी पत्रा जोडणे हे गिलाव्याचे काम. पन्नास वर्षांचा रंग खरवडून आरशासारखा चकचकीत रंग देणे, ज्या गाडीवर कधी नव्हता तो क्रोम चढवणे, हे लाखेचे रोगण. शाळेच्या नावाची पुसट अक्षरे एकदा खरवडली की ती परत येत नाहीत.

२०/
जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने, म्हणजे 'फीवा'ने, २०१२ मध्ये तोरिनो येथे एक सनद स्वीकारली. तिचा आधार स्मारकांच्या जतनाविषयीची १९६४ ची व्हेनिस सनद. फीवाच्या दृष्टीने किमान ३० वर्षे जुने, ऐतिहासिकदृष्ट्या योग्य स्थितीत जपलेले आणि रोजच्या वापरात नसलेले वाहन ऐतिहासिक ठरते. या सनदेतील एक विचार मॅटाडोरसाठी फार महत्त्वाचा आहे: वाहन सेवेत असताना त्यात झालेले बदल हेही त्याच्या इतिहासाचे साक्षीदार होत, म्हणून ते जपण्याजोगे असतात. म्हणजे कापलेला मागचा भाग, ठोकलेला पत्रा, चढवलेले कॅरिअर हे सारे पुरावे आहेत. 'कारखान्यातून निघाली तशी' हेच एकमेव मूळ रूप नव्हे.

२१/
भारतीय नियम याच ठिकाणी वेगळी दिशा घेतो. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने व्हिंटेज वाहनांसाठी प्रथमच स्वतंत्र नोंदणीची तरतूद केली. प्रथम नोंदणीला ५० वर्षे झालेल्या दुचाकी-चारचाकींना 'व्हीए' ही अक्षरे असलेली नंबरपट्टी मिळते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, पुनर्नोंदणीचे ५,००० रुपये आणि मुदत १० वर्षे. अशी गाडी प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन व देखभाल यांसाठीच रस्त्यावर आणता येते. नियमित अथवा व्यावसायिक वापर चालत नाही. अट अशी की गाडी मूळ स्वरूपात असावी, आणि तिची चासी, सांगाडा किंवा इंजिन यांत फेरफार करणारी मोठी दुरुस्ती झालेली नसावी.

२२/
राजवाड्याच्या गॅरेजात उभ्या राहिलेल्या मोटारीला ही अट सहज पेलते. कष्टाने आयुष्य काढलेल्या गाडीला ती पेलणे कठीण. १९६९ च्या पहिल्या मॅटाडोर गाड्यांनी २०१९ मध्ये पन्नाशी ओलांडली. त्यांतील एखादी आज सापडली, तर तिचे इंजिन वाटेत बदललेले असण्याची आणि सांगाडा दोनदा तरी कापला-जोडला गेलेला असण्याची शक्यता दाट. तिच्यात पलंग-ओटा बसवायचा, तर आणखी एक कायदा उभा राहतो. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा अर्थ लावताना स्पष्ट केले की निर्मात्याने ठरवलेल्या मूलभूत रचनेला धक्का देणारे बदल वाहनात करता येत नाहीत. रस्ते सुरक्षेच्या दृष्टीने त्यामागचे कारण योग्यच आहे.

२३/
कॅम्परला कायद्यात जागाच नाही असे मात्र नाही. वाहनांच्या अधिकृत वर्गवारीत खासगी वापराची कॅम्पर व्हॅन हा वर्ग आहे. २०२१ मध्ये महाराष्ट्राने कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरणही जाहीर केले. पण या तरतुदींचा रोख नव्या, प्रमाणित गाड्यांकडे आहे. परिणाम असा: नवी कॅराव्हॅन पर्यटनात बसते, अस्पर्श जुनी मोटार वारशात बसते, आणि पुनर्बांधणी झालेली जुनी मॅटाडोर या दोहोंच्या मधल्या फटीत पडते. छंद म्हणून ती हाती घेणाऱ्याने पत्रा कापण्यापूर्वी परिवहन कार्यालयात जाऊन नोंदणीपुस्तक, चासी क्रमांक आणि नियोजित बदल यांविषयी लेखी खात्री करून घेणे हाच शहाणपणाचा मार्ग.

२४/
दुसरी कात्री वयाची. एप्रिल २०२३ पासून केंद्र व राज्य सरकारे आणि परिवहन महामंडळे यांच्या १५ वर्षांवरील वाहनांची नोंदणी नूतनीकृत होत नाही. ती मोडीत काढावी लागतात. प्रदूषण आणि अपघात यांचा विचार करता हा निर्णय समजण्याजोगा आहे. परंतु १५ वर्षांनी मोडायचे आणि ५० वर्षांनी वारसा म्हणायचे, तर मधली ३५ वर्षे गाडीने कोठे काढायची? हैदराबादने याचे एक उत्तर दिले आहे. निजाम संस्थानाच्या रस्ते वाहतूक विभागाची १९३२ ची अल्बियन बस 'डेक्कन क्वीन' या नावाने तेथे जपली गेली. १९३२ मध्ये चिकलठाणाही त्याच संस्थानात होते. त्यामुळे तो वारसा मराठवाड्याचाही आहे.

२५/
संग्रहालये आणि रॅली पाहिल्या तर विसाव्या शतकात भारतीय रस्त्यांवर केवळ संस्थानिकांच्या रोल्स-रॉइस आणि ब्यूइक धावत होत्या असे वाटावे. प्रत्यक्षात तो रस्ता एसटीचा, टेम्पोचा आणि मॅटाडोरचा होता. दुर्मीळ वस्तू जपली जाते कारण ती दुर्मीळ असते. सर्वत्र असणारी वस्तू कोणी जपत नाही आणि एके दिवशी ती कोठेच नसते. जात्यांचे, ओव्यांचे आणि मोडी दप्तरांचे हेच झाले. मॅटाडोर त्या वाटेवर बरीच पुढे गेली आहे.

२६/
म्हणून या छंदाकडे इतिहासाचे साधन म्हणूनही पाहिले पाहिजे. जुनी व्हॅन हाती घेणाऱ्याने काम सुरू करण्यापूर्वी प्रत्येक बाजूचे छायाचित्र काढावे. रंगाचे थर मोजून नोंदवावेत. चासी व इंजिन क्रमांकांसह जुने नोंदणीपुस्तक जपावे. काढलेला भाग फेकण्याऐवजी चिठ्ठी लावून ठेवावा. नवे फर्निचर नटबोल्टने, पुन्हा काढता येईल असे बसवावे, वेल्डिंगने नव्हे. आणि ती गाडी चालवणाऱ्या, दुरुस्त करणाऱ्या वृद्ध चालक-मिस्त्रींच्या आठवणी ध्वनिमुद्रित कराव्यात. सांगाडा कोठे व का कापला, हे त्यांनाच ठाऊक असते, आणि ही माहिती कोणत्याही कारखान्याच्या दप्तरात नाही.

२७/
गाडीचे 'मूळ रूप' म्हणजे तिचा पहिला दिवस, की तिचे संपूर्ण आयुष्य? तोरिनोची सनद दुसऱ्या उत्तराकडे झुकते, भारतीय नियम पहिल्याकडे. चिकलठाण्याच्या कार्यशाळेत प्रत्येक जुन्या चासीवर नवा सांगाडा चढताना दुसरे उत्तर प्रत्यक्ष घडत आले आहे. सेवाकाळात झालेले, नोंदवलेले आणि तपासून सुरक्षित ठरलेले बदल वारशाचा भाग मानण्याची तरतूद नियमांत झाली, तर मॅटाडोरसारख्या कष्टकरी गाड्यांना इतिहासात जागा मिळेल. तोवर एखाद्या शेताच्या बांधावर, बाभळीखाली उभ्या असलेल्या मॅटाडोरला भंगारवाला शोधतो की अभ्यासक, यावर बरेच अवलंबून आहे.